पिवळ्या रंगातली पाच बोटं

चि. ईरा आणि नील,

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला आमचं गॅरेज दाखवत होते, तेव्हा नीलने विचारलं, "आजी, त्या यलो स्नोमोबिलला होल्स कशाने पडले?" मी उत्तर देण्याआधीच तुमचे बाबा मागून म्हणाले, डिसेंबरात आम्ही येऊ तेव्हा एखाद्या बॉडी शॉपमध्ये देऊन ती छान रंगवून घेऊ, पोरांच्या फोटोला बरी. मी "बघू" म्हणून विषय बदलला. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं. शिवाय ज्यांनी ती रंगवली ते पांढरीपांडे आजोबा मागच्या महिन्यात नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला वारले. त्यांच्याबद्दल "होते" म्हणायची अजून सवय झालेली नाही. लिहिताना ते जमेल असं वाटलं, म्हणून लिहिते आहे. तुम्ही मराठी शाळेत जाता, तेव्हा मराठीतच लिहिते. अडेल तिथे आईला विचारा. तिला यातले सगळे लोक ठाऊक आहेत.

तुमच्याकडे शुगर लँडमध्ये बर्फ फ्रीजमध्येच दिसतो, म्हणून आधी ती वस्तू सांगते. स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल. पुढे चाकाऐवजी दोन स्की असतात, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा असतो, आणि ती सुरू करायची म्हणजे लॉनमोअरसारखी दोरी ओढायची. पुढे इंजिनावर एक मोठं झाकण असतं. इथले लोक त्याला हूड म्हणतात, मी बॉनेट म्हणते. नीलला दिसलेली भोकं त्या बॉनेटवर आहेत. ती भोकं नाहीत, नुसते खळगे आहेत. पण ते नंतर.

आम्ही विस्कॉन्सिनमधल्या या गावात आलो तेव्हा इथे मराठी घरं दोनच होती, आमचं आणि शेजारचं पांढरीपांड्यांचं. प्रभाकर पांढरीपांडे नागपूरचे. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी. समोरच्या डेलला एवढं मोठं आडनाव झेपेना, म्हणून तो त्यांना "पॅन" म्हणायचा, आणि मग सगळी गल्ली तेच म्हणू लागली. भाऊजी इथल्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. रंग तयार करायचं काम दुसऱ्यांचं. तो कुठे, कधी आणि का सुटतो हे शोधायचं काम यांचं. आयुष्यभर तेच केल्यामुळे त्यांना जगातल्या प्रत्येक वस्तूचा रंग सुटताना दिसायचा.

उंच, किंचित वाकलेले, बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. कुठेही गाडी उभी दिसली की जाता जाता तिच्यावरून हात फिरवायचे, आणि तोही उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने. मी एकदा विचारलं, हा काय प्रकार? म्हणाले, "तळव्याला तेल असते, वहिनी. माणूस म्हटला की तेल आलंच. तुम्ही कितीही स्वच्छ असा, हात लावला तिथं रंग धरत नाही." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य, जे तुमच्या आईलाही पाठ आहे: "रंग वरून लागत नसते. तो खालून धरते."

या उलट्या हाताने एकदा घोटाळा केला. दिवाळीच्या कार्यक्रमाला पुण्याहून नवीन आलेला एक आयटीतला मुलगा आपली पहिली गाडी घेऊन आला होता. सेकंडहँड, पण चकचकीत. पार्किंगमध्ये सगळे कौतुक करत होते. भाऊजी गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "छान आहे. उजवे दोन्ही दरवाजे नंतर रंगवलेले आहेत. ॲक्सिडेंट होऊन गेला इचा."

मुलाचा चेहरा पडला. त्याला विकणाऱ्याने तसं काहीच सांगितलं नव्हतं.

कुमुद, म्हणजे भाऊजींची बायको, हातातलं फराळाचं ताट डेलच्या बायकोकडे देऊन पुढे आली. "अहो, ती त्याची गाडी आहे, तुमचं सॅम्पल नाही!"

"मी तं खरं तेच सांगितलं."

"विचारलं होतं का कोणी?"

पुढच्या शनिवारी तो मुलगा आणि त्याची गाडी त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये होती. भाऊजी दिवसभर ते दोन दरवाजे घासून पॉलिश करत होते आणि कुमुद त्या मुलाला पोहे, मग जेवण, मग चहा देत होती. संध्याकाळी भाऊजींनी दरवाज्यावरून उलटा हात फिरवला आणि म्हणाले, "आता मलाही ओळखू येत नाही." ते खोटं होतं, हे त्या मुलाखेरीज आम्हा सगळ्यांना कळलं. भाऊजींना खोटं बोलताना मी ऐकलं ते तेवढं एकदाच.

स्नोमोबिल कुमुदची होती. पहिल्याच हिवाळ्यात डेलला ती चालवताना तिने पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं, मला हे पाहिजे. नागपुरात ती लुनावरून कॉलेजला जायची. इथे आल्यापासून शेजारच्या सीटवर बसून कंटाळली होती. डेलनेच एक जुनी पिवळी शोधून दिली. कुमुद चालवायची, लहानगा समीर मधे, आणि भाऊजी सगळ्यांत मागे, दोघांना कवटाळून. आमच्या घरांमागच्या मक्याच्या शेतात, पीक निघून बर्फ पडलं की, शेताच्या टोकाला जो एकटा ओक आहे तिथपर्यंत जायचं आणि वळून यायचं. भाऊजींनी ती कधीच चालवली नाही. "माझी जागा मागं," म्हणायचे.

एका संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. आदल्या दिवसापासून बर्फ सुरू झालं ते थांबेचना. रस्ते बंद. शॉमबर्गहून आणि कुठून कुठून बायका यायच्या होत्या, सगळ्यांचे फोन आले, कॅन्सल करा. मी तिळगुळाचे डबे आवरून ठेवत होते, तोच मागच्या दाराशी घरघर ऐकू आली. बघते तर पिवळी स्नोमोबिल. वर कुमुद. संक्रांतीची काळी चंद्रकळा, तिच्याखाली स्नो पँट, डोक्यावर हेल्मेट. मागे भाऊजी, भुवया पांढऱ्या झालेल्या, दोन्ही हातांनी गुळाच्या पोळ्यांचा डबा छातीशी धरलेला.

"संक्रांत कॅन्सल होत नसते," कुमुद हेल्मेट काढत म्हणाली. "कुंकू आण."

मी भाऊजींना म्हटलं, आत या, गारठलात. ते दारातच थांबले. उलटा हात दाराच्या चौकटीवरून फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, इथला रंग सुटून राहिला."

तुमची आई तेव्हा नववीत होती. ती इतकी हसली की जिन्यावर बसली.

त्या घरात रंगावरून एकच खरं भांडण व्हायचं, आणि तेही वर्षातून एकदा, दसऱ्याला. कुमुद गाड्यांची पूजा करायची. कार, लॉनमोअर, बर्फ उडवायचं मशीन आणि स्नोमोबिल, सगळ्यांच्या बॉनेटवर दिव्यातल्या तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं उमटवायची. वर झेंडूचं फूल. भाऊजी हात मागे बांधून उभे. पूजेला ना नव्हती, तेलाला होती. "कुमुद, वरचा चकचकीत क्लिअर कोट खराब होते त्यानं. वाटल्यास फूल दोन ठेव." ती ऐकायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आत भाऊजी बादली आणि साबण घेऊन ड्राइव्हवेत. ती खिडकीतून ओरडायची, "निदान आज संध्याकाळपर्यंत तरी राहू द्या!" आणि तोवर दोन बॉनेटं स्वच्छ झालेली असायची. इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण त्यांच्या गाडीवर कुंकू मी एका रात्रीपलीकडे कधी पाहिलं नाही.

समीर कॉलेजला गेला, कुमुदचे गुडघे दुखायला लागले आणि स्नोमोबिल शेडमध्ये गेली. तिच्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर खुर्च्या आल्या. मग एका मार्चमध्ये कुमुद गेली. आजार थोडा होता, पण तेवढा पुरला.

समीर तेव्हा मॉरिसव्हिलला होता. तो आला, राहिला, आणि जायच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात बसून वडिलांना म्हणाला, "बाबा, यू कान्ट लिव्ह हिअर अलोन. आपण घर विकू या. माझ्याकडे चला."

मला वाटलं, आता वाद होणार. भाऊजी कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "येतो. पण एक बर्फ पडू दे."

"बर्फाचं काय?"

"तिथं पडत नाही ना," भाऊजी म्हणाले. एवढंच.

ठरलं असं की घर उन्हाळ्यात विकायला काढायचं, आणि नाताळाच्या सुट्टीत समीर येऊन त्यांना घेऊन जाणार. नवीन वर्षाला किल्ली नव्या लोकांकडे. समीर गेला त्या आठवड्यात भाऊजींनी शेडमधल्या खुर्च्या बाहेर काढल्या, ताडपत्री ओढली आणि डेलच्या मदतीने स्नोमोबिल गॅरेजमध्ये आणली. कुमुदच्या त्या शेतावर, त्या ओकापर्यंत, तिच्या गाडीवरून एकदा जायचं, एवढंच त्यांना जायच्या आधी करायचं होतं. त्यांनी हे मला सांगितलं नाही. डेलला सांगितलं, आणि डेलने तुमच्या आजोबांना.

अवस्था वाईट होती. सीटमध्ये उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेला. पिवळा रंग शिळ्या वरणासारखा झालेला. जुन्या पेट्रोलचा कार्ब्युरेटरमध्ये डिंक झाला होता. इंजिन ही भाऊजींची विद्या नव्हे, डेलची. त्या उन्हाळ्यात डेल स्टुलावर बसून सांगायचा आणि भाऊजी करायचे. कार्ब्युरेटरचे सुटे भाग कुमुदच्या पोळ्यांच्या डब्यात औषधात भिजत पडलेले असत. एकदा ते माझ्याकडे सगळ्यांत बारीक सुई मागायला आले.

"काय शिवताय?"

"शिवत नाही. त्याचं नाक चोंदलं आहे."

समीरचा दर रविवारी फोन यायचा. आपलं काम चालू ठेवून ते स्पीकरवर बोलायचे. "बाबा, दॅट थिंग इज ओल्डर दॅन मी," तो म्हणायचा. "समबडी विल गेट हर्ट."

"तुझ्यापेक्षा म्हातारी आहे, पण सांगितलेलं ऐकते," भाऊजी म्हणायचे.

बॉनेटला मात्र त्यांनी डेलला हात लावू दिला नाही. ते काम त्यांचं. आधी जुना रंग पॉलिश पेपरने पाणी मारत मारत उतरवला. तडे भरले. अस्तराचा करडा रंग दिला आणि तोही घासून इतका गुळगुळीत केला की आजोबा म्हणाले, आता दाढीच करायची राहिली. मूळ पिवळा कुठला ते कोणालाच आठवेना. भाऊजींनी बिजागरी सोडवली. तिच्याखाली, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, नखाएवढा मूळ रंग शिल्लक होता. तो बघून त्यांनी आठवडाभर पुठ्ठ्यांवर पिवळे रंग मिसळले. मला सगळे सारखेच दिसायचे. शेवटी एक पुठ्ठा घेऊन आले. "हा. झेंडूचा आहे, पण आजचा नाही. काल आणलेल्या झेंडूचा."

दसऱ्याच्या संध्याकाळी मी त्यांना सोनं द्यायला गेले. इथे आपट्याची पानं कुठली, मी अंगणातल्या मेपलची पिवळी पानं नेते. गॅरेजचं दार अर्धं खाली होतं, आत दिवा होता आणि उदबत्तीचा वास येत होता. माझी चाहूल लागताच भाऊजी वाकून बाहेर आले, फडक्याला हात पुसत. "दार लावून राहिलो. थंडी आहे." पान घेतलं, पाया पडणाऱ्या आपल्या मुलांना देतात तसा मला उगाच आशीर्वाद दिला, आणि मी घरी आले. उदबत्तीचं मला काही वाटलं नाही. पेंटच्या वासावर लावली असेल.

पुढच्या शनिवारी ऊन होतं. त्या वर्षातला रंग देण्याजोगा तो शेवटचा दिवस असणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. धूळ उडू नये म्हणून त्यांनी जमीन ओली केली, चारी बाजूंना प्लास्टिक लावलं, तोंडाला मास्क, आणि डोक्याला कुमुदची गुलाबी शॉवर कॅप. आजोबा आणि मी बाजूच्या खिडकीतून बघत होतो. करड्या बॉनेटवर पिवळा रंग डावीकडून उजवीकडे पसरत गेला. मी इतका सुंदर रंग पाहिला नव्हता. आणि मग, मधोमध, तो आकसला. तव्यावर पाणी शिंपडल्यावर तेल बाजूला होतं तसा रंग आपणहून मागे सरला आणि खाली करडं दिसायला लागलं. एका ठिकाणी. मग त्याच्याशेजारी. पाच ठिकाणी.

भाऊजींनी रंगाची गन खाली केली.

"हवेच्या कॉम्प्रेसरमधून तेल आलं असेल," आजोबा खिडकीतून म्हणाले.

"कॉम्प्रेसरचं तेल असं ओळीत येत नाही," भाऊजी म्हणाले.

मी बघत होते. चार खळगे किंचित कमानीत, आणि पाचवा खाली, बाजूला. कुमुदच्या बोटांपेक्षा मोठे. तेव्हा मला उदबत्ती आठवली.

भाऊजी प्लास्टिकमधून बाहेर आले, शॉवर कॅप काढली आणि म्हणाले, "दसऱ्याचं कुंकू पुसलं होतं मी, वहिनी. कोरड्या फडक्यानं पुसलं. थिनर नाही मारला." मग म्हणाले, "तेल आत मुरते हे मला माहीत नाही काय? आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो. पण कुमुद म्हणायची ना, राहू द्या थोडं. मी एकदाही राहू दिलं नाही."

डेल आला. त्याने शीळ घातली. मग म्हणाला, काही बिघडलं नाही, पॅन, माझ्या शेडमध्ये हीटर आहे. घासून काढू, पुढच्या आठवड्यात पुन्हा मारू, बर्फाच्या आत होईल. तो खरंच मनापासून सांगत होता आणि त्यात अवघड काहीच नव्हतं. मला माहीत होतं की भाऊजी पुन्हा करणार. ज्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीच्या दरवाज्यासाठी अख्खा शनिवार घातला, तो हे असं ठेवणं शक्यच नव्हतं.

भाऊजींनी रंग पुरता सुकू दिला. मग बॉनेटवर हात ठेवला. उलटा नाही, सुलटा. पाच बोटं पाच खळग्यांत बसली.

"थँक्यू, डेल," ते म्हणाले. "धिस इज फिनिश्ड."

मग बर्फाची वाट बघणं आलं. नोव्हेंबर कोरडा गेला. डिसेंबरात नुसता वारा. समीर आला तरी शेतात मक्याचे खुंट उघडेच होते. घरातलं सामान खोक्यांत गेलं, भिंतींवर चित्रांच्या जागा उरल्या, आणि भाऊजी दिवसातून अनेकदा मागच्या दाराशी जाऊन आकाश बघून यायचे. समीरने बॉनेट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाला, "बाबा, व्हॉट हॅपन्ड टू द पेंट?" भाऊजी म्हणाले, "तुझी आई." नंतर समीर मला गॅरेजमध्ये एकटाच उभा दिसला.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी पडदा बाजूला केला तर अंगण पांढरं होतं. रात्रभर पडलं होतं आणि अजून पडत होतं. मी स्वेटर शोधेपर्यंत डेल, समीर आणि आजोबा यांनी स्नोमोबिल मागच्या अंगणात ढकलली होती. भाऊजींचा खांदा दुखायचा, म्हणून दोरी समीरने ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, नुसता खोकला.

"चोक अर्धा," भाऊजी म्हणाले. "हं. आता ओढ."

ती सुरू झाली. निळा धूर, तोच आवाज, आणि आवाज होताच समीरच्या तोंडून "आई!" निघालं. दचकून निघालं की कसं, मला ठाऊक नाही. मग तो हसला आणि त्याने वडिलांना हात केला: बसा, चालवा.

भाऊजी गाडीजवळ गेले. हँडल बघितलं. मग मागे सरकले.

"तू चालव," ते समीरला म्हणाले. "माझी जागा मागं."

समीर पुढे बसला. भाऊजींनी हेल्मेट घातलं, मागे बसून दोन्ही हातांनी मुलाला कवटाळलं, आणि ते निघाले. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते असं: पाठमोरे, किंचित वाकलेले, पांढऱ्या शेतावर एक पिवळा ठिपका ओकाकडे जाताना. ओकापाशी ठिपका थांबला. बराच वेळ थांबला. मग वळून परत आला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते समीरबरोबर निघून गेले. तेव्हा अंधार होता आणि घाई होती, त्याला मी बघणं म्हणत नाही.

तिथे बर्फ नाही, म्हणून गाडी आमच्याकडे ठेवून गेले.

तेव्हा नील, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आणि तुमच्या बाबांना सांगा, बॉडी शॉप नको. स्नोमोबिल आमच्या गॅरेजमध्ये आहे. चोक अर्धा ठेवला की ती अजून सुरू होते. बॉनेटवर पाच खळगे आहेत, आणि त्यांच्या भोवतीचा रंग अजून कुठेही सुटलेला नाही.